पोती हात जोडत नाहीत

मी तीस वर्षं लोकांना बोटीत बसवून पाण्यावर फिरवलं आणि मला स्वतःला पोहता येत नाही. ही गोष्ट एकाही गिऱ्हाइकाला कळू दिली नाही. आता कारखाना पुतणे बघतात. माझ्याकडे चहा पिणं आणि त्यांच्या कामात खोड काढणं एवढीच दोन खाती उरली आहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

नांदेडचा माणूस बोटी बनवतो म्हटलं की लोक आधी हसतात. कोकणातले एक पाहुणे तर मला म्हणाले, "तुमच्याकडे पाणी टँकरनं येतं ना हो?" त्यांना गोदावरी दाखवली, धरणाचं पाणी दाखवलं, तरी त्यांचं हसू काही थांबेना. खरं सांगायचं तर आमचा धंदा मुळात कूलर, पाण्याच्या टाक्या आणि धान्याच्या कोठ्यांचा. एकदा धरणावर मोटारपंप ठेवायला तरंगता ओटा पाहिजे म्हणून एक कंत्राटदार आला. माझ्या थोरल्या भावाला घरात आणि साऱ्या मोहल्ल्यात भाईजान म्हणतात. त्यांनी पत्र्याची दोन लांब पिंपं बनवली, दोन्ही तोंडं बंद केली, वर ओटा ठोकला आणि दिला. तो तरंगला. मग त्याला कठडा लावून बघू, बाकं लावू, इंजिन लावू, असं करता करता बोट झाली. मोठ्या शहरातले लोक तिला पाँटून बोट म्हणतात. आमची गिऱ्हाइकं पिंपाची बोट म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

कारखान्यात वेल्डिंग भाईजानचं आणि ट्रायल माझी. बोट घेण्याआधी गिऱ्हाइकाला तिच्यात बसवून फिरवून आणायचं, हे माझं काम. बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रायल म्हणजे सैर. इंजिन चालू करा, वारा खा, परत या. बोट घेणारे बहुतेक जण तसंच करतात आणि फसतात. रिकामी बोट सगळ्यांचीच चांगली चालते. मी गिऱ्हाइकाला आधी पिंपावर बोटांनी ठोकायला लावायचो. आत हवा असेल तर टणटण वाजतं, पाणी शिरलं असेल तर आवाज बसका येतो. पिंपात आडवे पत्रे घालून चार-पाच खण केलेले असतात, म्हणजे एका खणाला भोक पडलं तरी बाकीचे बोट तोलून धरतात. प्रत्येक खण वेगळा वाजवायचा. मग पाणी कुठवर लागतंय तिथं गेरूनं रेघ मारायची, वाळूची पोती लादायची, माणशी दीड पोतं या हिशेबानं, आणि तासभर फिरवायचं. सरळ, उलट, दोन्ही हातांना वळवून, मधेच इंजिन बंद करून. परत आल्यावर पोती उतरवायची आणि रेघ बघायची. रेघ पाण्याखाली गेली असेल तर कुठंतरी वेल्डिंगचा टाका कच्चा आहे. ही पद्धत मीच बसवली होती आणि तिचा मला गर्व होता. तो पुढं कसा उतरला तेच सांगायचं आहे.

त्याआधी लातूरच्या एका सरांबद्दल सांगतो, नाहीतर ते सांगायचं राहून जाईल. त्या वर्षांत लातूरला बारावीसाठी साऱ्या महाराष्ट्रातून पोरं येत होती. गल्लोगल्ली क्लास आणि घरोघरी खाटा भाड्यानं. या सरांचा क्लास जोरात होता आणि अभ्यास करकरून पोरांची डोकी तापतात म्हणून गावाबाहेरच्या तळ्यात त्यांना बोट हवी होती. ट्रायलला आले तेच घड्याळ बघत.

"किती विद्यार्थी बसतील?"

"बारा, सर."

"ॲडजस्ट करून?"

मी म्हणालो, "सर, क्लासात ॲडजस्ट केलं तर निकाल दोन वर्षांनी लागतो. पाण्यात लगेच लागतो." सर मनापासून हसले, बोट घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यात तळं आटल्यावर तिच्यात बाकं टाकून तोंडी परीक्षा घ्यायला लागले. इस्लापूरकडचे एक जण तर सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली बोट फिरवणार म्हणत होते. त्यांना मी चहा पाजून घरी पाठवलं.

आता अनुसयाबाई.

लातूरच्या भूकंपाला आठ वर्षं होत आली होती. औशाच्या पुढचं एक गाव, नाव सांगत नाही, भूकंपात सगळं पडलं. सरकारनं वर माळावर नवं गाव वसवून दिलं. पण नवं गाव आणि मोठा रस्ता यांच्यामधे तलावाचं पाणी. लातूरची सकाळची एसटी पलीकडून जाते आणि वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. लोक मग गूळ करायच्या काहिलीत बसून पाणी ओलांडायचे. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. चार माणसं उकिडवी बसली की भरली. ती गोल गोल फिरते आणि मनात येईल तिकडं जाते.

गावानं पिंपाची बोट घ्यायचं ठरवलं आणि ती बघायला अनुसयाबाईंना पाठवलं, कारण गावात त्यांच्याइतकं शंकेखोर दुसरं कुणी नव्हतं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, डोक्यावरचा पदर जागचा न हलू देणाऱ्या. भूकंपात त्यांचे दोन मुलगे, नवरा, दीर, जाऊ, सगळे गेले. दिराची आठ वर्षांची मुलगी तेवढी दगडाखालून जिवंत निघाली. तिचं नाव सुरेखा. ती आता सोळा वर्षांची झाली होती, दहावीला तालुक्यात वर आली होती आणि तिला लातूरच्या कॉलेजात जागा मिळाली होती. बाई मात्र तिला सोडायला तयार नव्हत्या. लातूरला खोली घेऊन ठेवायचं तर डोक्यावर स्लॅब येणार, आणि बाई स्वतः आठ वर्षं अंगणात झोपत होत्या. रोज घरून जाऊन येऊन करायचं तर पाणी, आणि पाण्यावर ती काहील. "बोट माझ्या मनाला पटली तरच पोरगी जाईल, न्हाई तर न्हाई," असं त्या गावात सांगून आल्या होत्या. सुरेखाही बरोबर आली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी नेहमीचं सुरू केलं. "ही बोट लई मजबूत हाय, बाई..."

"मजबूत म्हनू नका, मिस्त्री," त्यांनी तिथंच तोडलं. "आमची घरं बी मजबूतच होती. दोन-दोन हाताच्या दगडाच्या भिंती. भिंती मजबूत होत्या म्हनूनच मानसं गेली. ही बोट बुडती कशी, ते दाखवा."

इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. भाईजान कपाळावर आठ्या घालून आत निघून गेले. मला मात्र बाईंचं म्हणणं आवडलं. नदीत काठाजवळ बोट नेली आणि एका खणाचं बूच काढलं. पाणी आत शिरलं, बोट त्या कोपऱ्यावर जराशी वाकली आणि थांबली. बाई वाकून बघत होत्या.

"दुसरं काढा."

दुसरं काढलं. बोट आणखी वाकली, पण तरंगत राहिली.

"तिसरं?"

"तिसरं काढलं तर आपल्याला चालत जावं लागंल, बाई." सुरेखा खुदकन हसली. त्या दिवशीचं तिचं ते पहिलं हसू. मग मी पोती लादली, तासभर फिरवलं, रेघ दाखवली. सगळं ठीक. बाई म्हणाल्या, "चांगली हाय. पन घेन्याआधी आमच्या पान्यावर, आमची मानसं बसवून एकदा फिरवा. मग सांगते."

आमचा रिवाज नांदेडातच ट्रायल द्यायचा होता. भाईजान नको म्हणत होते. पण सुरेखाचं कॉलेज तीन आठवड्यांत उघडणार होतं, आणि मला वाटलं, एवढ्यासाठी अडून काय राहायचं. पिंपं एका ट्रकमध्ये, ओटा दुसऱ्यात घालून आम्ही औशाच्या पुढं गेलो आणि तलावाच्या काठावर बोट जोडली.

ट्रायलला बारा बाया बसल्या, त्यात सुरेखा आणि तिची काकू, म्हणजे अनुसयाबाई. लाइफ जॅकेट माझ्याकडे आठच होती. बाकीच्यांना ट्रकच्या ट्यूबा दिल्या. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. बाया एकमेकींना चिमटे काढत होत्या, कुणी नव्या नवरीसारखी लाजत होती, कुणी काठावरच्या नवऱ्याला हात करत होती. निम्मं पाणी ओलांडलं आणि एकदम सगळ्या गप्प झाल्या.

डाव्या हाताला जुनं गाव होतं. म्हणजे काही नव्हतं. दगडांचे ढीग, त्यात उगवलेली बाभळ, एक लिंब, आणि त्याच्या अलीकडची मोकळी जागा. भूकंपानंतर तिथं एकामागं एक सरणं रचली होती. काहिलीतून जाताना जागचं हलता येत नाही, म्हणून बाया बसूनच हात जोडायच्या. इथं ओटा होता, उभं राहता येत होतं. एक म्हातारी उठली, पदर सावरून डाव्या कठड्याशी गेली आणि तिनं हात जोडले. तिच्यामागं दुसरी, तिसरी, आणि बघता बघता सगळ्या.

डावं पिंप पाण्याखाली गेलं. ओट्यावर पाणी आलं, माझ्या घोट्यांना लागलं. उजवं पिंप पाण्यातून वर उठलं आणि मी जन्मात पहिल्यांदा तरंगत्या बोटीच्या पिंपाचं बूड बघितलं. मी ओरडत होतो, "बसा! खाली बसा!" कुणी ऐकेना. त्यांचे डोळे मिटलेले होते.

अनुसयाबाईंनी सुरेखाच्या दंडाला धरून तिला उजव्या बाजूला ओढलं आणि ओरडल्या, "अगं इकडं या! इथून बी दिसतंय! हात हितनंच जोडा!"

त्याबरोबर बाया वळल्या. बसा म्हटल्यावर कुणी बसली नव्हती, पण इथून हात जोडा म्हटल्यावर निम्म्या इकडं आल्या. बोट धपकन सरळ झाली. दोन ट्यूबा पाण्यात गेल्या, तेवढंच नुकसान. मी काठावर बोट लावली तेव्हा बाया मलाच पाणी पाजत होत्या.

अनुसयाबाई ओल्या नऊवारीचा ओचा पिळत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चिडल्या नव्हत्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"मिस्त्री, तुमी पोती लादून बघितलं."

"हाव, बाई."

"पोती कवा हात जोडत्यात का?"

मराठवाड्यात नदी लागली की माणूस नाणं टाकायला उठतो, देऊळ दिसलं की उठतो, दर्गा दिसला की उठतो, आणि सगळे एकाच बाजूला उठतात. हे मी जन्मापासून बघत होतो. मी स्वतः एसटीतून जाताना गोदावरी आली की खिडकीकडे सरकतो. आणि बोटीच्या ट्रायलला मी वाळू बसवत होतो! इतक्या वर्षांच्या माझ्या साऱ्या रेघा मला खोट्या वाटायला लागल्या.

त्या दिवशी मी भाईजानना फोन केला. ते म्हणाले, "पाटी लगा दे, युसूफ. 'उभे राहू नये.' और क्या!" त्यांचंही चूक नव्हतं. बस असो की बोट, सगळीकडे तेच करतात. मी बाईंना पाटीबद्दल विचारलं.

"पाटी वाचून कुनी हात जोडायचं थांबंल का, मिस्त्री? तिथं माजी दोन पोरं हायत. हिचे आई-बाप हायत. हिनं रोज त्यांच्याम्होरनं जायचं आन बसून ऱ्हायचं?" मग म्हणाल्या, "आमाला हात जोडता येतील अशी बोट करा. न्हाई तर घेऊन जावा. पोरगी घरी ऱ्हाईल."

सुरेखा मागं उभी होती. तिनं खालमानेनं ट्यूबेतली हवा सोडायला सुरुवात केली. रडली नाही, हट्ट केला नाही. आठ वर्षं ती काकूच्या भीतीबरोबर राहत होती, तिला ती भीती पाठ होती. मला तिच्याच वयाच्या माझ्या मुलीची आठवण झाली आणि मी बोलून गेलो, "कॉलेज उघडायच्या आत आनतो, बाई." अजून अठरा दिवस होते.

बोट परत नांदेडला आणली. भाईजाननी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मी ओट्याखालचे आडवे लोखंडी चॅनल कापले, लांब चॅनल घातले आणि दोन पिंपांमधलं अंतर दीड हातानं वाढवलं. पाय जवळ घेऊन उभा राहिलेला माणूस धक्क्यानं पडतो, पाय फाकून उभा राहिला की पडत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. पिंपं लांब केली, एकेक खण वाढवला. बाकं कठड्यालगत होती ती काढून मधोमध पाठीला पाठ लावून बसवली. कठडा उंच केला. दहाव्या दिवशी मी शेवटच्या खणाचा टाका मारत होतो, तेवढ्यात भाईजान मागून आले, माझ्या हातातून वेल्डिंगचा होल्डर घेतला आणि म्हणाले, "तेरा टाका कच्चा है. हट बाजू." पुढं सगळं वेल्डिंग त्यांनीच केलं. दुपारचं जेवणही तिथंच मागवलं. अबोला सुटला, पण त्याबद्दल दोघंही कधी बोललो नाही.

ट्रायलसाठी नांदेडात पोती लादली नाहीत. मोहल्ल्यातली चौदा माणसं गोळा केली आणि सगळ्यांना एका बाजूला उभं केलं. त्यांना वाटलं युसूफमियाँचं डोकं फिरलं. मग तसंच दुसऱ्या बाजूला. पुढं आमच्या कारखान्यात प्रत्येक बोटीची ही ट्रायल झाली. पुतणे तिला अजून "हात जोडायची ट्रायल" म्हणतात.

कॉलेज उघडायच्या दोन दिवस आधी बोट पुन्हा त्या तलावात उतरवली. त्याच बाया, यावेळी जॅकेट सगळ्यांना. जुन्या गावासमोर आलो आणि मी इंजिन बंद केलं. म्हणालो, "उठा. सगळ्यांनी जा डाव्या बाजूला. कितीबी वेळ हात जोडा."

बाया आधी उठेनात. मागचं आठवत होतं. मग ती म्हातारी उठली, आणि तिच्यामागं सगळ्या. बोट वाकली. कठड्याशी जाऊन मी पाणी बघितलं. ओट्याला अजून चार बोटं अंतर होतं. बाया उभ्या राहिल्या, पुटपुटत राहिल्या, आणि बोट वाकलेली तशीच थांबली. अनुसयाबाई तेवढ्या सुरेखाला शेजारी घेऊन बाकावर बसून होत्या. दोन्ही हातांनी बाक धरलेलं. त्यांची नजर पाण्यावर होती, ते चार बोटं अंतर मोजत होती.

मग त्या उठल्या. सुरेखाचा हात धरून कठड्याशी गेल्या. सगळ्यांत शेवटी त्यांचं वजन त्या बाजूला आलं आणि चार बोटांची तीन झाली. तिथंच राहिली. त्यांनी डोळे मिटले. मोठ्यानं, शाळेत हजेरी घेतात तसं, एकेक नाव घेतलं. दोन मुलांची, नवऱ्याची, दिराची, जावेची. मला राहवलं नाही. मी उजव्या बाजूला एकटाच उभा राहून दोन्ही हात उचलले आणि त्या गेलेल्यांसाठी फातेहा पढला. आमच्या पद्धतीनं तेच माझ्या हातात होतं. बाईंनी डोळे उघडल्यावर ते बघितलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "चला आता. ऊन झालं."

बोट घेतली का, सुरेखाला पाठवणार का, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. गावातल्या बाकीच्यांनी बोट ठेवून घ्यायचं ठरवलं, ती चालवायला एका माणसाला मी शिकवत होतो. पण माझ्या मनात एकच होतं. ती पोरगी येते का.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सकाळी मी काठावर होतो. पाच मुलं-मुली आली, बसली. आणखी दोन आली. पलीकडं रस्त्यावर एसटीची वेळ होत आली होती. मी उगीच दोरी सोडायचो आणि बांधायचो. तेवढ्यात माळावरून सुरेखा धावत येताना दिसली. पाठीवर दप्तर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मागं कुणी नव्हतं.

पोरगी न विचारता पळून आली की काय!

"काकू कुठंय गं? सोडायला आली न्हाई?"

"न्हाई, चाचा." ती ओट्यावर चढली, धाप लागलेली. "घरी ज्वारी निवडत बसलीय. मी म्हनलं चल की बघायला, तर म्हनली, आता काय बघायचं? ट्रायल झाली."

मी इंजिनाची दोरी ओढली, पण ते सुरू होईना. दोरी नीट दिसतच नव्हती मला. दुसऱ्यांदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली.

"चाचा," सुरेखा म्हणाली, "बस चुकंल."